‘रानटी’ कला आणि आपली दृष्टि

‘रानटी’ हा आपल्या भाषेंतील एक साधा शब्द. रानांत राहणारा तो रानटी, एवढाच त्याचा मूळचा अर्थ. परंतु माणसांप्रमाणें शब्दही संगतीनें बिघडतात. आज कोणी कोणाला रानटी म्हटलें, तर त्यावरून समोरचा मनुष्य कोठें राहतो तें कळत नाहीं. बोलणारा स्वतःला किती वरच्या पायरीवर समजतो, तेवढें मात्र कळतें.

या एका शब्दानें गेल्या सवाशें वर्षांत कलेच्या क्षेत्रांत फार मोठा घोटाळा केला आहे. आफ्रिकेंतील ओतीव मूर्ति आणि लांकडी मुखवटे यांना युरोपनें आधीं रानटी म्हणून हिणविलें, आणि मग त्यांच्याच आधारानें आपली नवी चित्रकला उभारली. निंदा झाली, स्तुतीही झाली. परंतु दोन्ही वेळां एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला : हें केलें कोणीं? आज मी बोलणार आहें तें या न विचारलेल्या प्रश्नाविषयीं. तो प्रश्न केवळ युरोपला लागू आहे असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. डहाणूच्या रानापासून आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या सातपुड्यापर्यंत तो आपल्याही दारांत उभा आहे.

प्रथम आफ्रिकेची हकीकत पाहूं. पश्चिम आफ्रिकेंत, आजच्या नायजेरिया देशाच्या दक्षिण भागांत, बेनिन नांवाचें एक जुनें राज्य होतें. तेथील ओतारी आधीं मेणाची मूर्ति घडवीत, तिच्यावर मातीचा लेप देत, आंच देऊन मेण वितळवून बाहेर काढीत आणि आंतल्या पोकळींत धातूचा रस ओतीत. आपल्याकडे देवांच्या ओतीव मूर्ति ज्या रीतीनें होत आल्या, तीच ही रीति. राजवाड्याच्या खांबांवर अशा ओतीव पितळी पाट्या बसविलेल्या असत व त्यांवर राजे, सरदार, वाजंत्री आणि समुद्रावरून आलेले पोर्तुगीज व्यापारी कोरल्यासारखे स्पष्ट उठविलेले असत. १८९७ सालीं इंग्रजी फौजेनें बेनिन शहर घेतलें, राजाला हद्दपार केलें आणि हजारों वस्तु लुटून नेल्या. कांहीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमांत गेल्या, कांहीं विकल्या जाऊन बर्लिन व इतर शहरांत पोंचल्या.

वस्तु पाहिल्यावर विद्वानांना पहिला प्रश्न पडला तो हा, कीं या लोकांना हें शिकविलें कोणीं? कोणी पोर्तुगीजांचें नांव घेतलें, कोणी मिसर देशाकडे बोट दाखविलें. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशान यांच्यासारखे थोडे अभ्यासक मात्र त्याच काळांत निःशंकपणें सांगत होते, कीं हें काम आफ्रिकेचेंच असून तें युरोपांतील उत्तम ओतकामाच्या तोडीचें आहे. पुढें १९१० सालीं लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक बेनिनच्या वायव्येस असलेल्या इफे नगरीला गेला. तेथील मस्तकांचें सौंदर्य पाहून तो थक्क झाला, आणि हें काम समुद्रांत बुडालेल्या अटलांटिसच्या गोऱ्या लोकांचें असलें पाहिजे असें त्यानें ठरवून टाकलें! १९३८ सालीं त्याच इफेमध्यें घराचा पाया खोदतांना धातूचीं आणखी कितीएक मस्तकें सांपडलीं. तीं तेथल्याच योरुबा लोकांच्या पूर्वजांनीं घडविलीं, याविषयीं आज कोणी शंका घेत नाहीं.

दक्षिणेकडे झिंबाब्वेच्या दगडी कोटाची कथाही तशीच. चुन्याशिवाय नुसते दगड रचून उभारलेल्या त्या प्रचंड भिंती फिनिशियन लोकांनीं किंवा शेबाच्या राणीनें बांधल्या, असें गोरे वसाहतवाले सांगत. १९०५ सालीं रँडल-मॅकआयव्हर यांनीं आणि १९२९ सालीं गर्ट्रूड कॅटन-टॉम्प्सन या विदुषीनें उत्खनन करून तें बांधकाम आफ्रिकी लोकांचेंच असल्याचा निर्वाळा दिला; तरी राज्यकर्त्यांना तो पुढें कित्येक वर्षें रुचला नाहीं. या सगळ्या प्रकरणांतील तर्कशास्त्र एकच होतें : काम चांगलें असेल तर तें तुमचें नव्हे, आणि तुमचें असेल तर तें चांगलें नव्हे.

आतां स्तुतीची बाजू पाहूं. १९०६ च्या सुमारास पॅरिसमधील तरुण चित्रकारांच्या दृष्टीस हे मुखवटे पडूं लागले. मातीस यानें एका दुकानांतून कांगोकडील एक लहानशी लांकडी मूर्ति विकत घेतली. दरें व व्ह्लामिंक हेही त्या नादाला लागले. १९०७ सालीं पिकासो त्रोकादेरोच्या संग्रहालयांत गेला. तेथील धूळ खात पडलेले मुखवटे पाहून त्याला जो धक्का बसला, त्याविषयीं त्यानें पुढें स्वतःच सांगितलेलें आहे. त्याच वर्षीं त्यानें पांच स्त्रियांचें एक मोठें चित्र रंगविलें. त्यांतील उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यासारखे ताशीव आहेत. ‘दॅम्वाझेल दाव्हिन्यों’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें हें चित्र आधुनिक कलेच्या इतिहासांत युगारंभाचें मानलें जातें. आफ्रिकी कारागिराला हुबेहूब नाक काढतां येत नव्हतें असें नव्हे. त्याला नाकापेक्षां निराळें कांहीं सांगावयाचें होतें, ही गोष्ट युरोपीय चित्रकारांच्या ध्यानांत आली आणि चारशें वर्षांची त्यांची चित्ररीति मोडून पडली.

वरवर पाहतां हा आफ्रिकेचा मोठाच सन्मान झाला. १९१४ सालीं न्यूयॉर्कमध्यें स्टिग्लिट्झ यानें आफ्रिकी शिल्पांचें प्रदर्शन कलावस्तु म्हणून मांडलें. १९१५ सालीं कार्ल आइन्स्टाइन यानें या शिल्पावर जर्मन भाषेंत ग्रंथ लिहून त्याचा गौरव केला. त्या ग्रंथांत शंभराहून अधिक छायाचित्रें आहेत. परंतु त्यांच्याखालीं वस्तूचें नांव नाहीं, गांव नाहीं, कर्ता नाहीं. १९८४ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें आदिम कला आणि आधुनिक कला यांचें नातें दाखविणारें मोठें प्रदर्शन भरविलें. तेथेंही एका बाजूला पिकासोचें नांव व साल, आणि दुसऱ्या बाजूला नुसती जमात, असाच प्रकार असल्याची टीका त्या वेळीं झाली. शिवाय मुखवटा ही भिंतीवर टांगण्याची वस्तु नव्हेच. तो ज्याच्या तोंडावर चढतो त्याच्या अंगावर गवताचा पोशाख असतो, भोंवतीं ढोल असतो, सुगीचा किंवा सुतकाचा प्रसंग असतो. कांचेच्या कपाटांत आलें तें केवळ लांकूड.

या कारागिरांना नांवेंच नव्हतीं काय? होतीं. योरुबा प्रदेशांत इसे गांवचा ओलोवे नांवाचा एक थोर शिल्पी होऊन गेला. तो १९३८ सालीं वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठीं त्यानें कोरलेलें भव्य दार १९२४ सालीं लंडनजवळ वेम्ब्ली येथील साम्राज्य-प्रदर्शनांत मांडलें गेलें आणि तेथून ब्रिटिश म्युझियमांत गेलें. त्याच्या मुलखांत ओलोवेचें नांव सर्वतोमुखीं होतें. त्याच्या गौरवाचीं गीतें त्याच्या घरच्या माणसांनीं पाठ करून जपलेलीं होतीं. तेव्हां ‘अनाम कारागीर’ असें जें आपण संग्रहालयांतील चिठ्ठीवर वाचतों, त्यांतील ‘अनाम’ हा शब्द पुष्कळदां कारागिराचें वर्णन नसून वस्तु नेणाराचें वर्णन असतो. नांव नव्हतें असें नाहीं. कोणीं विचारलें नाहीं.

श्रोतेहो, हा अपमान काय असतो तें आपल्याला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. १९१० सालच्या जानेवारींत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभेंत सर जॉर्ज बर्डवुड यांनीं जावा बेटांतील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचें छायाचित्र पुढें ठेवलें आणि चरबी घालून उकडलेल्या पिठाच्या गोळ्याची तिला उपमा दिली. हे बर्डवुड कोणी परके प्रवासी नव्हते. त्यांचा जन्म १८३२ सालीं बेळगांवांत झाला होता. मुंबईंत त्यांनीं अनेक वर्षें नोकरी केली होती. हिंदुस्थानांतील कारागिरीवर १८८० सालीं त्यांनीं मोठ्या प्रेमानें ग्रंथ लिहिला होता. आपल्या साड्या, भांडीं, दागिने यांचें त्यांना अपार कौतुक होतें. परंतु हात कुशल असला तरी त्यामागें कलावंताचें मन असूं शकतें, हें मात्र त्यांना मान्य होईना. जेथें ग्रीक वळणाचें वस्त्र दिसे, त्या गांधार शिल्पाचीच काय ती पाश्चात्य पंडितांकडून मनापासून वाखाणणी होई.

न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे, कीं त्या उद्गारांचा निषेध इंग्रजांनींच केला. हॅवेल यांनीं सभेंतच विरोध केला. चित्रकार रोथेनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं ‘टाइम्स’ पत्रांत जाहीर पत्र लिहिलें. आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें इंडिया सोसायटी स्थापन झाली. आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांचा इतिहासही असाच दुहेरी आहे. १८१९ सालीं जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याला तीं दिसलीं, तेव्हां त्यानें दहाव्या लेण्यांत स्वतःचें नांव खरडून ठेवलें. उलट जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षें तेथील चित्रांच्या नकला केल्या. लेडी हेरिंगहॅम १९०९ नंतर तेथें आल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार होते. म्हणजे तिरस्कारानें पाहणारे डोळे होते, आणि शिकण्याच्या बुद्धीनें पाहणारेही होते. गोरी कातडी हें त्या तिरस्काराचें खरें कारण नव्हे. वरच्या पायरीवर उभें राहून खालीं पाहण्याची संवय हें कारण. आणि ती संवय कोणत्याही रंगाच्या माणसाला लागूं शकते.

आपल्याला ती लागली नाहीं काय? आपल्या भाषेंतील ‘हबशी’ हा शब्दच पाहा. हबश म्हणजे अबिसीनिया, आजचा इथिओपिया. तेथील रहिवासी तो हबशी. त्याच देशांतून गुलाम म्हणून विकला जाऊन मलिक अंबर दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६१० च्या सुमारास त्यानें खडकी शहर वसविलें, तेंच पुढें औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झालें. तेथील पाण्याचा नहर त्याचा. जमीनमोजणीची व्यवस्था त्याची. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. आमच्या सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांचा त्याच्याशीं मैत्रीचा तसाच वैराचाही संबंध आला. इतका मोठा आफ्रिकी पुरुष आपल्या इतिहासाच्या दिवाणखान्यांत बसलेला असतां ‘हबशी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतों. बर्डवुड यांच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु तो राग निर्मळ असावा.

यापेक्षांही जवळचें उदाहरण वारल्यांचें आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत वारली लोक राहतात. त्यांच्या घरीं लग्न निघालें, कीं झोपडीच्या आंतल्या भिंतीवर शेणमातीनें व गेरूनें सारवून सुवासिनी तांदळाच्या पिठानें चौक काढतात. बांबूच्या काडीचें टोंक चावून केलेला कुंचला, पांढरा एकच रंग, आणि वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्याच आकृति. चौकोनाच्या कडांना नक्षीच्या पट्ट्या. आंत पालघट ही देवी. भोंवतीं झाडें, पशुपक्षी, मोहाचीं फुलें, तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोंवतीं फेर धरून नाचणारीं माणसें. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणीं म्हणून देवांना बोलावते. चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाहीं. ही शोभा नव्हे. हें मंगलकार्याचें अधिष्ठान आहे. आपल्या घरीं देवक बसल्यावांचून कार्य होत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

परंतु ज्या लग्नासाठीं हा चौक निघे, त्या लग्नाची दुसरी एक कथा आहे. लग्नाचा खर्च भागविण्यासाठीं वारली सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडी रक्कम उचली आणि तिच्या फेडीसाठीं नवराबायको त्याच्या शेतावर राबत राहत. त्या माणसाला ‘लग्नगडी’ असें नांव होतें. पुष्कळांचें सारें आयुष्य त्या गुलामींत जाई, आणि कर्ज मात्र फिटत नसे. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर व किसान सभेचे कार्यकर्ते यांच्या साहाय्यानें वारल्यांनीं वेठबिगार आणि लग्नगडी-पद्धत झुगारून दिली. त्या वर्षीं ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि माणसें प्राणांस मुकलीं. गोदावरीबाईंनीं ही सारी हकीकत पुढें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहून ठेवली. आतां कल्पना करा : ज्या भिंतीवर पालघट देवीचा चौक रेखलेला, त्याच भिंतीच्या आंत जन्माचें दास्य पत्करलेलें जोडपें. वारली चित्राकडे केवळ गोड नक्षी म्हणून पाहणाराच्या डोळ्यांना या भिंतीची एकच बाजू दिसते.

आणि त्या काळीं मुंबईचे सुशिक्षित लोक काय पाहत होते? १९४७ सालीं सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा तरुणांनीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांतील गाडे हे तर आमच्या वऱ्हाडचे. या मंडळींनीं हिंदी चित्रकलेला नवें बळ दिलें, याविषयीं दुमत नाहीं. सूझा यांनीं रंगविलेल्या चेहऱ्यांत आफ्रिकी मुखवट्यांची छाया स्पष्ट दिसते. ती आली पॅरिसच्या वाटेनें, पिकासोच्या हातून. म्हणजे आफ्रिकेच्या रानांतील कला सात समुद्र ओलांडून मुंबईस पोंचली. परंतु चर्चगेटहून सुमारें सवाशें किलोमीटरांवर, त्याच लोहमार्गावरील डहाणूच्या झोपड्यांतले चौक शहराच्या नजरेस आले नाहींत. दोष त्या तरुणांचा नव्हे. ज्या समाजांत ते वाढले, त्या समाजाला वारली म्हणजे लांकूडतोडे आणि गवतकापे मजूर, एवढेंच ठाऊक होतें. मजुराच्या घरांत भिंत असते आणि भिंतीवर विचार असूं शकतो, हें कोणाच्या मनांतच आलें नाहीं.

अखेर १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूकडे गेले. पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते पूर्वीं बिहारांतील मिथिलेंत काम करून आले होते. त्यांनीं वारल्यांना कागद दिला, रंग दिला, आणि त्यांच्यांत राहून पाहिलें. तेव्हां गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे हा पुरुष त्यांना भेटला. लहानपणीं आईचें छत्र हरपल्यावर त्याचें बोलणें खुंटलें होतें आणि धुळींत आकृति काढून तो मनांतलें सांगत असे. पुरुषानें चौक काढावा असा रिवाज नव्हता; त्यानें कागदावर काढावयास आरंभ केला. १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड कलादालनांत त्याच्या चित्रांचें प्रदर्शन झालें. मासे पकडण्याच्या प्रचंड जाळ्याच्या असंख्य रेषा, मुंग्यांचें वारूळ, तारप्याच्या नाचाचा गुंडाळत जाणारा फेर. एकाही चित्रांत हालचाल थांबलेली नाहीं. १९८९ सालीं पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रांत ‘पृथ्वीवरील जादूगार’ अशा अर्थाच्या नांवाचें मोठें प्रदर्शन भरलें. जगांतील सुमारें शंभर कलावंत, त्यांतील निम्मे पाश्चात्य देशांबाहेरचे. त्यांत आपला मशे होता. ज्या शहरांत आठ दशकांपूर्वीं आफ्रिकी मुखवट्यांची पारख करणारांनीं त्यांच्या कर्त्यांचीं नांवें विचारलीं नव्हतीं, त्याच शहरांत कळंबीपाड्याच्या वारल्याचें नांव त्याच्या चित्राजवळ लागलें. पुढें २००३ सालीं रिचर्ड लाँग या नामांकित इंग्रज कलावंताच्या बरोबरीनें जर्मनींत त्याचें प्रदर्शन झालें. २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं तो वारला. एका नांवानें केवढें अंतर तोडलें पाहा.

येथें कोणी आक्षेप घेईल, कीं नांवाचा एवढा आग्रह कशासाठीं? अजिंठ्याच्या चित्रकारांचीं नांवें आपल्याला कोठें माहीत आहेत? आपली परंपराच अहंकार टाकण्याची आहे. आक्षेप विचार करण्यासारखा आहे, परंतु पुरता खरा नाहीं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत तें लेणें देणाऱ्या वराहदेवाचें नांव ठळक कोरलेलें आहे. हा वराहदेव आमच्या विदर्भांतील वत्सगुल्म, म्हणजे वाशीम येथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री. दात्याचें नांव राहिलें, रंगविणाराचें राहिलें नाहीं. अहंकार टाकावयाचा होता तर तो एकट्या चित्रकारानेंच कां टाकावा?

उलट आपल्या संतांकडे पाहा. अहंकार जाळून टाकलेली ही मंडळी. तरी प्रत्येक अभंगाच्या शेवटीं त्यांची नाममुद्रा आहे. परंपरा सांगते, कीं संत चोखामेळ्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यांतील मेहुणा राजा येथें झाला. देवळाच्या पायरीच्या आंत ज्यांना येऊं दिलें नाहीं, त्यांच्या अभंगांत चोख्याचें नांव नसतें, तर ते अभंग आज कोणाच्या नांवावर गेले असते? किंवा ‘कोणा अज्ञात भक्ताची रचना’ म्हणून आपण किती सहज मोकळे झालों असतों! जनाबाई, सोयराबाई यांचीं नांवें त्यांच्या मुद्रेमुळेंच आपल्यापर्यंत आलीं. मोठ्यांच्या घरीं नांव हा अलंकार असेल. ज्याला दाराबाहेर उभें केलें आहे, त्याच्या हातीं तो एकच पुरावा असतो. स्वतः होऊन नांव पुसणें वेगळें, आणि दुसऱ्यानें तें न विचारणें वेगळें.

आज वारली आकृतींचें काय झालें आहे तें आपण रोज पाहतों. शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंती, साड्या, कपबशा, लग्नपत्रिका, जेथें पाहावें तेथें त्रिकोणाचीं माणसें नाचत आहेत. पूर्वीं आपण त्यांना पाहिलें नाहीं. आतां पाहतों, पण वेलबुट्टीसारखे. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशाची कायदेशीर नोंद मिळाली, आणि ती आदिवासी युवा सेवा संघ या त्यांच्याच संस्थेनें मिळविली. हें ठीक झालें. परंतु कायदा दुकानदाराला अडवूं शकेल. आपल्या दिवाणखान्यांत येऊन प्रश्न विचारणार नाहीं. आणखीही एक नाजुक गोष्ट आहे. कागद आला, पैसा आला, आणि कुंचला पुष्कळसा पुरुषांच्या हातीं गेला. ज्या सुवासिनींनीं पिढ्यान् पिढ्या चौक राखले, त्यांच्यापैकीं किती जणींचीं नांवें आपल्याला सांगतां येतील?

युरोपांत आज उलट्या दिशेनें थोडी पावलें पडत आहेत. २०२२ सालीं जर्मनीनें आपल्या संग्रहालयांतील बेनिनच्या ओतीव वस्तूंची मालकी नायजेरियास देण्याचा करार केला व कांहीं वस्तु प्रत्यक्ष परत केल्या. सगळें परत गेलें असें नव्हे. परंतु वस्तु कोणाची हा प्रश्न तेथें मोठ्यानें विचारला जात आहे. आपल्याला तर जहाज भरून कांहीं पाठवावयाचें नाहीं. आपलें काम याहून पुष्कळ सोपें आहे.

शेगांवाच्या उत्तरेस पूर्णा नदी ओलांडून पुढें गेलें, कीं सातपुड्याच्या पायथ्याचीं गांवें लागतात. तेथून मेळघाटापर्यंत कोरकू लोकांची वस्ती आहे. घरांतील मनुष्य वारल्यावर, सवड व ऐपत होईल तेव्हां, कोरकू सिडोलीचा विधि करतात आणि मृताच्या स्मरणार्थ लांकडी खांब कोरून रोंवतात. त्याला ते मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य असतो, चंद्र असतो, घोड्यावर बसलेला स्वार असतो. असा खांब उद्यां एखाद्या संग्रहालयांत गेला, तर त्याखालीं ‘आदिवासी काष्ठशिल्प’ अशी चिठ्ठी लागेल. तेथें गांवांत मात्र तो कोणाचा तरी बाप असतो. नातवाला त्याचें नांव माहीत असतें, आणि तो कोणत्या हातांनीं कोरला हेंही गांवाला माहीत असतें.

तेव्हां माझें सांगणें एवढेंच. मुलांना वारली आकृति काढावयास शिकविणार असाल, तर चौक कशासाठीं काढतात हें आधीं सांगा, आणि लग्नगडी म्हणजे काय हेंही सांगा. घरांत असें चित्र लावणार असाल, तर तें ज्यानें किंवा जिनें काढलें त्या माणसाचें नांव विचारून घ्या, मागेल तें मोल द्या, आणि पाहुण्यांनीं चित्राची वाखाणणी केली, कीं तें नांव उच्चारा. शाळेच्या भिंतीवर चित्रें काढवून घेणार असाल, तर चित्रकाराला आपली सही करावयास जागा सोडा. संग्रहालयांत ‘अनाम’ अशी चिठ्ठी दिसली, तर तेथें क्षणभर थांबा आणि मनांत विचारा, कीं नांव खरोखरच हरवलें होतें, कीं कोणीं विचारलेंच नव्हतें.